बंद राहिलेला फ्लो सायटोमीटर आणि अडलेला प्रवाह: बिघाड शोधायचा कसा?

रक्ताच्या कर्करोगाचा नेमका प्रकार ठरवताना किंवा एचआयव्हीबाधित रुग्णाच्या सीडी4 पेशी (रोगप्रतिकारातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजताना जे यंत्र वापरतात, त्याला फ्लो सायटोमीटर म्हणतात. एकेक पेशी लेझरच्या किरणासमोरून न्यायची आणि तिच्यामुळे विखुरलेला व तिच्यावरील रंगद्रव्यातून चमकलेला प्रकाश मोजायचा, हे त्याचे काम. चांगल्या अवस्थेतले यंत्र दर सेकंदाला हजारो पेशी अशा तपासते. 2020 च्या टाळेबंदीत जगभरच्या अनेक प्रयोगशाळांमधली ही यंत्रे आठवडेच्या आठवडे बंद राहिली. एरवीही निधी संपला, तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, जागा बदलली, अशा कारणांनी ती पडून राहतात. पुन्हा सुरू करण्याचा दिवस उजाडतो तेव्हा संगणक चालू होतो, लेझर तापून तयार होतात, धोक्याची कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही, आणि तरीही नमुना लावल्यावर आलेखावर एकसुद्धा ठिपका उमटत नाही.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय लेझरवर जातो, कारण यंत्रातला सर्वांत महाग आणि सर्वांत गूढ भाग तोच. माझे मत याउलट आहे. पडून राहिलेल्या यंत्रात प्रकाशाच्या भागापेक्षा पाण्याचा भाग आधी बिघडतो, म्हणून सॉफ्टवेअरमधल्या एकाही आकड्याला हात लावण्यापूर्वी दोनच गोष्टी विचाराव्यात: द्रव पुढे सरकतो आहे का, आणि सरकत असेल तर मिनिटाला किती?

यंत्रात मुळात काय वाहते?

यंत्रात दोन द्रव एकाच वेळी वाहतात. पहिला म्हणजे नमुना, अर्थात द्रवात तरंगणाऱ्या पेशी. दुसरा म्हणजे नमुन्याला चारही बाजूंनी वेढणारा स्वच्छ द्रव, ज्याला प्रयोगशाळेत शीथ म्हणतात. या लेखात त्याला आवरणद्रव म्हणू. तो बहुधा सौम्य खारट असतो. हे दोन्ही प्रवाह क्वार्ट्झच्या एका अरुंद पारदर्शक मार्गात एकत्र येतात. त्या मार्गाचे नाव फ्लो सेल. त्याची रुंदी मिलीमीटरच्या काही दशांशांइतकीच असते.

एकत्र आल्यावर ते मिसळत का नाहीत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडून त्याच्या मधोमध रंगाची बारीक धार सोडली, तेव्हा वेग मर्यादित असेपर्यंत ती धार सरळ रेषेसारखी वाहत राहते आणि वेग वाढवला की विस्कटते, असे त्यांना दिसले. फ्लो सेलमधला प्रवाह या शांत टप्प्यातच असतो. 1953 मध्ये क्रॉसलंड-टेलर यांनी हेच तत्त्व पेशी मोजण्यासाठी वापरले: भोवतीच्या वेगवान द्रवाने मधल्या धारेला इतके आवळायचे की पेशींना एकामागोमाग एक जाण्यावाचून गत्यंतर उरू नये.

हे आवळणे किती असते, ते साध्या गणिताने कळते. नमुना मिनिटाला 60 मायक्रोलीटर जात असेल आणि धारेचा वेग सेकंदाला 5 मीटर असेल, तर मधल्या धारेचा व्यास सुमारे 16 मायक्रोमीटर येतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. नमुन्याचा दर मिनिटाला 12 मायक्रोलीटरवर आणला, तर तोच व्यास 7 मायक्रोमीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ एका तांबड्या पेशीएवढा. आवरणद्रव मात्र त्याच मिनिटात कित्येक मिलीलीटर, म्हणजे नमुन्याच्या शेकडो पट वाहतो. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या बारीक प्रवाहांचा तोल अगदी थोड्या दाबफरकावर सांभाळलेला असतो, हे लक्षात ठेवले की पुढचे बिघाड आपोआप उलगडत जातात.

यंत्र बंद असताना नळ्यांमध्ये काय घडते?

बंद यंत्र जसेच्या तसे राहते, ही समजूत चुकीची आहे. पहिला बदल मिठाचा. फॉस्फेटयुक्त खारट द्रावणात, ज्याला सर्रास पीबीएस म्हणतात, लीटरमागे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. नमुना घेणाऱ्या सुईच्या टोकाशी त्याचा एक थेंब लटकत राहिला आणि वाळला, असे समजू. थेंब 50 मायक्रोलीटरचा धरला तर मागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम मीठ उरते. हा आकडा नगण्य वाटतो खरा, पण सुईचे भोक पाव मिलीमीटरचे असेल, तर एवढ्या मिठाने त्याची 4 मिलीमीटरहून अधिक लांबी ठासून भरू शकते. एकच थेंब, आणि सुई बंद. बाहेरून पाहिल्यास टोकावर पांढुरकी, किंचित खरखरीत कड दिसते. पुष्कळदा तीही दिसत नाही, कारण बोळा आतल्या अंगाला असतो.

दुसरा बदल सजीवांचा. खारट पाणी, खोलीचे तापमान आणि नमुन्यांतून उरलेली प्रथिने एवढी सामग्री जीवाणूंना पुरते. ते नळीच्या आतल्या भिंतीवर चिकट थर धरतात. न घासलेल्या पाण्याच्या बाटलीचा तळ बोटाला जसा बुळबुळीत लागतो, तसाच हा थर, आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. साधे शुद्ध पाणी भरून ठेवले म्हणजे हा त्रास टळतो, असे अनेकांना वाटते. शुद्ध पाण्याने मिठाचा प्रश्न सुटतो, जीवाणूंचा नाही.

तिसरा बदल रबराचा आणि लवचीक नळ्यांचा. झाकणाखालची गोल रबरी कडी वाळून कडक होते आणि दाब धरीनाशी होते. काही यंत्रांत फिरणारे रूळ नळीला चिमटत द्रव पुढे ढकलतात; रूळ महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून राहिले की नळी तिथे चपटी होऊन बसते. चिमटा घेऊन बंद होणाऱ्या झडपांमध्ये नळीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात, आणि मग झडप उघडल्याचा टक् आवाज येतो, पण वाट उघडत नाही.

उरली हवा, आणि बिघाड शोधताना सर्वांत जास्त फसवते ती हीच. द्रवात विरघळलेली हवा हळूहळू बाहेर पडून बुडबुडे होतात, जोडांमधूनही थोडी आत शिरते. आवरणद्रवाच्या वाटेवर सहसा 0.2 मायक्रोमीटर छिद्रांचा फिल्टर असतो. ओल्या झालेल्या अशा पटलातून पाणी जाते, पण यंत्राच्या नेहमीच्या दाबाला हवा जात नाही. छिद्रांमधले पाणी केशाकर्षणाने तिला अडवून धरते. परिणामी फिल्टरच्या अलीकडे हवेचा फुगा साचतो आणि पटलाचा मोठा भाग निकामी होतो. टाकी भरलेली, दाब बरोबर, आणि प्रवाह मात्र निम्मा: असे चित्र दिसले की आधी फिल्टरच्या डोक्यावरची हवा सोडण्याची नळी उघडून पाहावी.

जरासा अडथळा एवढा का भोवतो?

नळी थोडी अरुंद झाली तर प्रवाह थोडाच कमी होईल, हा अंदाज बारीक नळ्यांच्या बाबतीत चुकतो. शांत प्रवाहाचा दर त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हे हागेन आणि प्वाझय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. नळीची त्रिज्या तिच्या पूर्ण लांबीभर 10 टक्क्यांनी घटली, तर त्याच दाबाला प्रवाह साधारण दोन तृतीयांशच उरतो. त्रिज्या निम्मी झाली, तर तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. अडथळा थोड्याच लांबीचा असेल तर एकूण परिणाम इतका तीव्र नसतो, परंतु जीवाणूंचा थर लांबच्या लांब पसरतो, आणि म्हणून डोळ्यांना न दिसणारा पातळ थरही मिठाच्या छोट्या खड्यापेक्षा अधिक उपद्रवी ठरू शकतो.

बुडबुड्याची गोष्ट वेगळी. पाणी दाबले तर आकसत नाही, हवा आकसते. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये थोडी हवा राहिली की दट्ट्या दाबल्यावर आधी ती हवाच दबते आणि मग धार उशिराने, धक्क्याने येते. फ्लो सायटोमीटरमध्ये अडकलेला बुडबुडा हेच करतो. प्रवाह थांबत नाही, पण हेलकावे खातो, आणि हेलकावे खाणारा प्रवाह थांबलेल्यापेक्षा अधिक घातक असतो, कारण आकडे येत राहतात आणि ते चुकीचे असतात.

तपासणीची सुरुवात कुठून करावी?

बाहेरून आत, आणि फुकटातून खर्चिकाकडे. आधी हातमोजे आणि चष्मा, कारण टाकाऊ द्रवाच्या टाकीत रुग्णांच्या रक्ताचे अंश असू शकतात. दाबाखालची कोणतीही टाकी उघडण्यापूर्वी तिचा दाब सोडायलाच हवा. मग आवरणद्रवाची पातळी, टाकाऊ टाकी भरली आहे का, एखादी नळी यंत्र हलवताना भिंतीशी मुडपली आहे का, हे पाहावे. हे इतके बाळबोध वाटते की जाणकार माणसेच ते टाळतात. झाकण बसवल्यावर कान जवळ नेऊन सूऽऽ असा बारीक आवाज येतो का, ते ऐकावे. शंका असल्यास कडेला साबणाचे पाणी लावले की फेस खरे सांगतो.

यानंतर नमुन्याची परीक्षानळी. ज्या यंत्रांत नमुना हवेच्या दाबाने ढकलला जातो, त्यांत परीक्षानळीच झाकणाचे काम करते. प्लास्टिकच्या नळीला केसाएवढी चीर असली किंवा ती जिथे घट्ट बसते तिथली कडी झिजलेली असली, तर दाब निसटतो आणि नमुना जागचा हलत नाही. नवी नळी लावून पाहायला दहा सेकंद लागतात. तेवढ्याने काम झाले नाही, तरच कडी बदलण्याकडे वळावे.

आता सुई. दाबावर चालणाऱ्या काही यंत्रांत परीक्षानळी काढलेली असताना आवरणद्रव उलट दिशेने सुईतून बाहेर येतो आणि बाहेरचे शोषणारे कवच तो ओढून घेते. कवच माहितीपुस्तिकेप्रमाणे बाजूला केले, की सुईच्या टोकाशी थेंब भरताना, लोंबताना आणि सुटताना दिसतात. सलाईनच्या बाटलीखालच्या थेंबांकडे परिचारिका जशी पाहते, तसे इथे पाहावे. थेंब एकसारख्या तालात पडत असतील, तर फ्लो सेलपासून सुईपर्यंतची वाट मोकळी आहे. थेंब फुगतो पण सुटायला फार वेळ घेतो, म्हणजे वाट अरुंद झाली आहे. दोनचार भराभर पडून मग शांतता पसरते, म्हणजे मध्ये हवा आहे. आणि थेंबच येत नसेल, तर सुई तुंबली आहे किंवा त्याहून अलीकडे आवरणद्रवच पोहोचत नाही; यांतले कोणते, ते टाकाऊ नळीतून काही वाहते आहे का यावरून ठरते.

तराजू काय सांगतो?

मला सर्वांत भरवशाची वाटणारी परीक्षा यंत्रात नसून शेजारच्या टेबलावर असते. एक मायक्रोलीटर पाणी म्हणजे एक मिलिग्रॅम वजन. परीक्षानळीत शुद्ध पाणी घ्यावे, बाहेरून कोरडी पुसून ती अचूक तराजूवर तोलावी, 60 मायक्रोलीटरच्या दराला दहा मिनिटे चालवावी आणि पुन्हा तोलावी. सुमारे 600 मिलिग्रॅम कमी व्हायला हवेत. 400 झाले, तर प्रवाह दोन तृतीयांशावर आला आहे. शून्य झाले, तर लेझरच्या मागे लागण्यात अर्थच नाही.

एक बारकावा इथे सांगायला हवा. बरीच यंत्रे नळी लावल्याबरोबर पहिले काही क्षण नमुना जोराने ओढतात, त्यामुळे एकाच मापनात चूक शिरते. म्हणून एकदा पाच मिनिटे आणि एकदा दहा मिनिटे असे दोनदा चालवावे आणि दोन्ही घटींतला फरक पाहावा. सुरुवातीचा हिसका दोन्हींत सारखाच असल्याने वजाबाकीत तो निघून जातो आणि मधल्या पाच मिनिटांचे 300 मिलिग्रॅम तेवढे उरतात.

पण खरोखर लेझरच बिघडला असेल तर?

तसे होऊ शकते, आणि तराजूच ते वेगळे काढून देतो. ठरावीक आकाराचे आणि ठरावीक चमक असलेले प्लास्टिकचे सूक्ष्म मणी, ज्यांना सगळे बीड्स म्हणतात, लावून पाहावेत. वजन योग्य घटते आहे आणि तरीही मणी दिसत नाहीत, तर दोष प्रकाशात, मापनाच्या उंबरठ्यात (ज्याहून क्षीण संकेत यंत्र मोजतच नाही त्या मर्यादेत) किंवा धारेच्या जागेत शोधावा. वजनच घटत नाही, तर दोष पाण्यात.

मात्र एक प्रकार असा आहे की ज्यात पाण्याचा दोष हुबेहूब लेझरच्या दोषासारखा दिसतो. अनेक यंत्रांत दोन लेझर धारेला वेगवेगळ्या उंचीवर छेदतात. समजा त्यांच्यात 200 मायक्रोमीटरचे अंतर आहे आणि पेशी सेकंदाला 5 मीटर वेगाने जाते. मग पहिल्या लेझरपासून दुसऱ्यापर्यंत यायला तिला 40 मायक्रोसेकंद लागतात, आणि यंत्र नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या लेझरचा प्रकाश टिपते. फिल्टरमध्ये हवा साचून धारेचा वेग दहा टक्क्यांनी कमी झाला, तर पेशी 44 मायक्रोसेकंदांनी पोहोचते. तोवर टिपण्याची छोटी खिडकी बंद होऊ लागलेली असते. निळ्या लेझरचे सगळे संकेत ठीक, लाल लेझरचे फिके किंवा गायब. पाहणारा म्हणतो, लाल लेझर गेला. प्रत्यक्षात लाल लेझर चोख आहे आणि पेशीलाच उशीर झाला आहे. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये विलंबाचा आकडा बदलून काम भागवता येते, पण तो मोह टाळावा. फिल्टरमधली हवा काढली की तो आकडा पुन्हा चुकीचा ठरणार असतो.

सफाई कोणत्या क्रमाने?

क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक घाणीचा उतारा वेगळा आहे. मीठ पाण्यात विरघळते, म्हणून आधी कोमट शुद्ध पाणी. सुई काढता येत असेल तर तिचे टोक काही वेळ त्यात बुडवून ठेवावे. अनेक तुंबलेल्या सुया एवढ्यानेच मोकळ्या होतात. प्रथिने आणि जीवाणूंचा थर पाण्याला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी पातळ केलेले ब्लीच, म्हणजे सुमारे अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइट, पाचदहा मिनिटे चालवतात. त्यानंतर यंत्रासाठीचे डिटर्जंट, आणि शेवटी पुन्हा शुद्ध पाणी, ब्लीचला लागला त्याहून अधिक वेळ. उरलेले ब्लीच पुढच्या नमुन्यातल्या पेशी आणि त्यांच्यावरची रंगद्रव्ये दोन्ही नासवते.

जास्त घाणीला जास्त तीव्र ब्लीच का देऊ नये, असे विचारले जाते. कारण ते पोलादाच्या भागांना खड्डे पाडते आणि रबराच्या कड्या ठिसूळ करते. वेळ वाढवणे किंवा पुन्हा करणे हे तीव्रता वाढवण्यापेक्षा बरे. ब्लीच आम्लाशी मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अल्कोहोलशी किंवा सोडियम अझाइड घातलेल्या द्रवाशीही ते एकत्र येऊ देऊ नये. प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये पाण्याची धुलाई हवी ती याचसाठी. सुईत तार घालून बोळा ढकलण्याचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही: आतून ओरखडा पडला की तिथे पुढच्या प्रत्येक नमुन्याची प्रथिने अडकतात, आणि ढकललेला बोळा बाहेर न येता फ्लो सेलमध्ये जाऊन बसला, तर काही मिनिटांचे काम कंपनीच्या अभियंत्याला बोलावण्यापर्यंत जाते.

आकडे दिसू लागले, मग अहवाल द्यायला हरकत काय?

हरकत यंत्राच्या मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. शंभर पेशींत सीडी4 किती, असे प्रमाण मोजायचे असेल, तर प्रवाह थोडा मंद असला तरी प्रमाण फारसे बिघडत नाही, कारण सगळ्याच पेशी सारख्या मंदावतात. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये किती पेशी, असा निव्वळ आकडा हवा असेल आणि यंत्र तो ओढलेल्या घनफळावरून काढत असेल, तर प्रवाहातली चूक थेट रुग्णाच्या कागदावर उतरते. खरा आकडा 220 असताना नमुना दहा टक्के कमी ओढला गेला, तर अहवालात 198 येते, आणि 200 ही एचआयव्हीच्या उपचारात महत्त्वाची मानलेली रेषा आहे. रुग्णात काहीही बदललेले नसताना तो तिच्या खाली गेलेला दिसेल. नमुन्यात मोजून घातलेल्या मण्यांशी तुलना करून आकडा काढला जात असेल, तर ही चूक बरीचशी कटते, कारण मणी आणि पेशी दोघेही त्याच मंद प्रवाहातून येतात.

त्यामुळे मणी दिसणे पुरेसे नाही, ते सारखे दिसायला हवेत. त्यांची चमक काळासमोर मांडणारा आलेख उघडावा आणि दहा मिनिटे बघत राहावे. निरोगी यंत्रात मण्यांची रेघ आडवी, सलग आणि बारीक असते. बुडबुडा गेला की रेघेत खाच पडते आणि खाचेनंतर ती किंचित सरकलेली दिसते. सुई हळूहळू तुंबत असेल तर रेघ विरळ होत जाते. रेघ जाड झाली, म्हणजे मणी धारेच्या मध्यावरून ढळत आहेत.

ही परीक्षा सलग दोनतीन दिवस करावी. ब्लीचने सैल झालेल्या थराचे तुकडे लगेच बाहेर पडतात असे नाही; काही नळीला धरून राहतात आणि दुसऱ्या दिवशी सुटतात. नुसते पाणी लावूनही पडद्यावर मोठ्या संख्येने ठिपके येऊ लागले, तर ते तेच तुकडे असू शकतात. अशा वेळी सफाईचा क्रम पुन्हा करावा आणि आवरणद्रवाचा फिल्टर धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावा.

पुन्हा बंद ठेवायचे असेल तर?

काही आठवड्यांचा खंड असेल, तर आठवड्यातून एकदा कोणीतरी यंत्र सुरू करून ब्लीच, डिटर्जंट आणि पाणी असा फेरा चालवणे सर्वांत सोपे. कायम चालू ठेवण्याने लेझरचे आयुष्य विनाकारण खर्च होते, म्हणून तो पर्याय मला पटत नाही. खंड महिन्यांचा असेल, तर सगळे खारट द्रव काढून नळ्या शुद्ध पाण्याने भरपूर धुवाव्यात, आणि उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच 70 टक्के अल्कोहोल फिरवावे. मधली पाण्याची धुलाई गाळली, तर अल्कोहोल नळीत उरलेले फॉस्फेट क्षार बाहेर पाडते, आणि जो बोळा टाळायचा होता तो आपल्याच हाताने तयार होतो. शेवटी फिरत्या रुळांखालची नळी सैल करावी, सुईचे टोक कोरडे न सोडता शुद्ध पाण्याच्या परीक्षानळीत बुडवून ठेवावे, आणि त्या दिवशी दहा मिनिटांत किती मिलिग्रॅम पाणी गेले, तो आकडा यंत्रावर चिकटवून ठेवावा. पुढे यंत्र उघडणाऱ्याला तुलनेसाठी दुसरे काहीही लागत नाही.